वॉकमनचे सेल उतरले नव्हते : हेलहॅमर ते केल्टिक फ्रॉस्ट, १९८२ ते १९८७

कॅसेटवाला (धागाकर्ता)

१९९६ साल. मी पुण्यात हॉस्टेलवर होतो. वरच्या वर्षातल्या एका गोव्याच्या मुलाने मला नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली. आतल्या कागदावर बॉलपेनने बारीक अक्षरात गाण्यांची नावं, दुसऱ्या बाजूच्या वर मोठ्या अक्षरात फक्त 'हेलहॅमर'. रात्री पांघरुणात वॉकमन घेऊन ऐकत होतो. दोन गाणी धडाधड गेली आणि तिसरं सुरू झालं तसा आवाज ओढल्यासारखा झाला. वाटलं, सेल उतरले. चपला घालून खाली गेलो, टपरीवरून दोन पेन्सिल सेल आणले, घातले, कॅसेट मागे घेतली. गाणं तसंच. तितकंच सावकाश आणि तितकंच जड. साडेनऊ मिनिटं माणूस किंचाळत होता आणि गिटार चिखलातून पाय उपसत चालल्यासारखी पुढे सरकत होती. त्या गाण्याचं नाव 'ट्रायम्फ ऑफ डेथ'. ते तसंच वाजवलेलं आहे हे पटायला मला ती रात्र लागली. पुढची जवळजवळ तीस वर्षं मी या लोकांना ऐकतोय, म्हणून हा धागा.

आधी गाव. झ्युरिकजवळ न्यूरेन्सडोर्फ नावाचं खेडं आहे, क्लोटेन विमानतळाच्या पलीकडे. तिथे १९८२ मध्ये थॉमस गॅब्रिएल फिशर या अठरा वर्षांच्या पोराने हेलहॅमर हा मेटल बँड काढला. त्याचं लहानपण फार एकटेपणात आणि हाल काढत गेलं, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. गावातली मुलं त्याला छळायची. इंग्लंडहून येणाऱ्या तबकड्या हा त्याचा एकमेव आधार होता. आधी ब्लॅक सबाथ आणि मोटरहेड, मग न्यूकॅसलचा व्हेनम. आणि डिसचार्ज. डिसचार्ज हा खरं तर पंक बँड, मेटलवाले त्यांच्याकडे नाक मुरडायचे. पण व्हेनमचा अंधार आणि डिसचार्जचा संताप एकाच गिटारवर आणायचा, हा फिशरचा पहिला प्रयोग, असं मी मानतो.

सराव चालायचा बिर्खविलमधल्या एका बंकरमध्ये. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ च्या कायद्यापासून प्रत्येक रहिवाशाला अणुयुद्धात आसरा मिळेल एवढी भूमिगत जागा बांधून ठेवायची पद्धत आहे. अशाच एका काँक्रीटच्या खोलीला या पोरांनी 'ग्रेव्ह हिल बंकर' नाव दिलं. १९८३ च्या उन्हाळ्यात 'डेथ फीन्ड' आणि 'ट्रायम्फ ऑफ डेथ' हे डेमो (कच्ची ध्वनिमुद्रणं) निघाले, डिसेंबरमध्ये 'सॅटनिक राइट्स'. वाद्यांवर हात बसलेला नव्हता, पैसा नव्हता, गावात विचारणारं कोणी नव्हतं. इंग्लंडमधल्या मेटल मासिकांनी तर अक्षरशः झोडपून काढलं. हेलहॅमरने एकही जाहीर कार्यक्रम केला नाही. जे काही होतं ते टपालाने फिरणाऱ्या कॅसेटवर होतं.

१९८३ च्या शेवटी बासवर मार्टिन एरिक आइन आला. वय सोळा. घर कडक कॅथलिक, वाचन दांडगं. या दोघांची जोडी जमली नसती तर पुढचं काही घडलं नसतं असं माझं ठाम मत आहे. मार्च १९८४ मध्ये ते पश्चिम बर्लिनला गेले आणि नॉइझ रेकॉर्ड्स या कंपनीसाठी 'अपोकॅलिप्टिक रेड्स' ध्वनिमुद्रित केलं. माझ्या कॅसेटची दुसरी बाजू ती हीच.

आणि तबकडी बाजारात आल्याला तीन महिने होत नाहीत तोच त्यांनी बँड मोडला. ३१ मे १९८४ ची रात्र. दोघं आइनच्या खोलीत बसले आणि ठरवलं की हेलहॅमर हे नाव आता आपल्याला पुढे जाऊ देणार नाही. सकाळपर्यंत नवं नाव तयार होतं, केल्टिक फ्रॉस्ट, आणि पुढे कुठली तबकडी कुठल्या कल्पनेवर काढायची याचा आराखडाही. एक सोळा वर्षांचा, एक वीस वर्षांचा. कंपनीला पत्र लिहून पटवायचं होतं ते वेगळंच.

ऑक्टोबरमध्ये ते परत बर्लिनला. स्टीफन प्रीस्टली ड्रमवर. 'मॉर्बिड टेल्स' ऐकलं की विश्वास बसत नाही की मधे फक्त सात महिने गेलेत. रिफ (गिटारवर फिरून फिरून येणारा छोटा तुकडा) त्याच घराण्यातली, पण आता प्रत्येक रिफला कडा आहे. 'प्रोक्रिएशन ऑफ द विकेड' घ्या. एक अवघी छोटी आकृती, तीच पुन्हा पुन्हा, आणि मधे फिशरचा तो 'उग्ह'. त्या हुंकाराची नक्कल अर्ध्या जगाने केली. 'दान्स मकाब्र' मध्ये तर गाणंच नाही. कुजबुज, किंकाळ्या, आवाजांचे तुकडे. आपल्या पहिल्याच तबकडीवर हे ठेवायला छाती लागते.

१९८५ चं 'टू मेगा थेरियन' उघडतं ते फ्रेंच हॉर्न आणि टिंपनी (पाश्चात्त्य नगारे) यांनी. ड्रमवर आता न्यूयॉर्कचा रीड सेंट मार्क, त्याचा हात खुला आणि नाचरा. आइन त्या वेळी बाहेर होता, बास डॉमिनिक स्टायनरने वाजवला. मुखपृष्ठ एच. आर. गीगरचं. १९८० मध्ये ऑस्कर मिळालेला हा चित्रकार त्याच देशात राहायचा. या पोरांनी त्याला पत्र लिहिलं, संगीत पाठवलं. जिथे मासिकं थट्टा करत होती तिथे गीगरने चित्र वापरायला दिलं, पैसे न घेता.

मग १९८७, 'इनटू द पँडेमोनियम'. मुखपृष्ठावर बॉश या जुन्या चित्रकाराच्या चित्रातला नरक. आत पहिलंच गाणं वॉल ऑफ व्हूडू या अमेरिकी न्यू वेव्ह बँडचं, 'मेक्सिकन रेडिओ'. पुढे बोदलेअरची फ्रेंच कविता, बाईच्या आवाजात, तंतुवाद्यांवर. अपोलो मोहिमेतले आवाज कापून यंत्राच्या ठेक्यावर लावलेला 'वन इन देअर प्राइड'. फिशर रडवेल्या, ओढलेल्या आवाजात गातो तो 'मेस्मराइज्ड'. आणि 'रेक्स इराए', एका रिक्वियमचा (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा) पहिला भाग. कंपनीला यातलं बरंचसं नको होतं. भांडणं विकोपाला गेली.

माझं म्हणणं असं की १९८७ चं हे धाडस अचानक उगवलं नाही. ते त्या बंकरमध्येच होतं. हात चालत नव्हते तेव्हाही या लोकांना गाण्यापेक्षा काहीतरी मोठं हवं होतं. तुम्हाला काय वाटतं?

---

डबल_बास

धागा मनापासून आवडला, पण शेवटचा निष्कर्ष मला मान्य नाही. १९८३ मध्ये त्यांना खरोखर वाजवता येत नव्हतं, एवढंच त्याचं उत्तर आहे. 'ट्रायम्फ ऑफ डेथ' सावकाश आहे कारण जलद वाजवताना ते एकत्र राहत नव्हते. फिशरलाही पुढची कित्येक वर्षं हेलहॅमरची लाज वाटायची, त्याने ती लपवलेली नाही. जी गोष्ट करणाऱ्यालाच तेव्हा फसलेली वाटत होती तिला आपण मागाहून 'प्रयोग' म्हणायचं, हे त्यांच्या खऱ्या मेहनतीवर अन्याय करणारं आहे. मेहनत १९८४ च्या उन्हाळ्यात झाली. मार्च ते ऑक्टोबर ते किती तास घासले असतील याचा विचार करा. मला त्या सात महिन्यांबद्दल आदर वाटतो, बंकरबद्दल नाही.

विलंबित_एकताल

मी मेटल ऐकत नाही. मुलगा ऐकतो, त्यानेच धागा दाखवला. कुतूहलाने 'ट्रायम्फ ऑफ डेथ' पूर्ण ऐकलं, कानाला त्रास झाला, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक. 'जलद जमत नाही म्हणून सावकाश' हे विधान आमच्याकडे कोणी मान्य करणार नाही. विलंबितात दोन मात्रांमधली जागा उघडी पडते. ती भरता आली नाही तर गाणारा तिथेच उताणा पडतो. नवशिका द्रुतमध्ये लपू शकतो, विलंबितात नाही. ही मुलं त्या जागा किंचाळीने भरतात. ते मला आवडलं असं नाही, पण जागा त्यांना दिसलेली आहे हे नक्की.

दोन. ही मंडळी सा आणि कोमल रे यांच्यामध्ये सतत घासत राहतात. रे वर जातात आणि सा वर नीट बसायच्या आतच पुन्हा उठतात. मधेच तीव्र मध्यमावर टांगून ठेवतात, पंचम जवळ आहे पण देत नाहीत. कानाला घर मिळू द्यायचं नाही, असं ठरवून केल्यासारखं वाटतं. हे हात न चालल्यामुळे होत नाही. बोटं नवखी असतात तेव्हा ती सोप्या, गोड जागा शोधतात.

कॅसेटवाला

@विलंबित_एकताल, काका, तुमचा दुसरा मुद्दा वाचून मी उठून पुन्हा गिटार हातात घेतली. खरंच तसंच आहे. इतकी वर्षं वाजवतोय, पण 'घर मिळू द्यायचं नाही' हे मला शब्दांत सापडलं नव्हतं.

@डबल_बास, त्या सात महिन्यांबद्दल तुझं बरोबर आहे आणि मी ते पळवून नेलं, ही माझी चूक. पण लाज वाटण्याचं म्हणशील, तर हाच माणूस २००८ मध्ये हेलहॅमरचे डेमो एकत्र करून पुन्हा प्रसिद्ध करतो, आणि २०१९ मध्ये 'ट्रायम्फ ऑफ डेथ' याच नावाचा बँड काढून ती गाणी रंगमंचावर नेतो. जो बँड कधीच लोकांसमोर वाजला नव्हता त्याची गाणी, पस्तीस वर्षांनी. ती फसलेली वाटत असती तर पंचावन्न वर्षांचा माणूस हे करत नाही.

सातारकर_मेटल

केल्टिक फ्रॉस्टच्या 'कोल्ड लेक' वर कोणीच बोलणार नाही का? १९८८ मध्ये हाच फिशर केस फुगवून अमेरिकी ग्लॅमच्या, म्हणजे चकचकीत मेटलच्या, वाटेला गेला. मला त्या तबकडीचं आजही वाईट वाटतं, कारण 'पँडेमोनियम' नंतर काहीही शक्य होतं. अर्थात आइन तेव्हा बँडमध्ये नव्हता, सेंट मार्कही नव्हता, कंपनीशी भांडून सगळे थकले होते. २०१७ मध्ये जुन्या तबकड्या पुन्हा काढल्या तेव्हा 'कोल्ड लेक' त्यात नव्हती.

प्रयोग करणाऱ्याच्या हातून असंही होतं, हे मान्य. तरी मला वाटतं तो प्रयोग नव्हताच. आधीच्या प्रत्येक वळणावर ते कोणालाही नको असलेलं काहीतरी करत होते. इथे पहिल्यांदा लोकांना काय हवंय याचा अंदाज बांधला.

मिक्सिंग_ताई

मी ध्वनिमुद्रणाचं काम करते, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने. तुम्ही सगळे हात आणि डोकं यांवर बोलताय, खोलीवर कोणीच नाही.

काँक्रीटची बुटकी, बिनखिडक्यांची खोली. अशा खोलीत खालचे स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतात. साधा हिशोब करा : भिंती चार मीटर अंतरावर असतील तर साधारण ४३ हर्ट्झवर खोली घुमू लागते, आणि बास गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. म्हणजे तार आणि खोली जवळजवळ एकाच सुरात. तिथे जलद वाजवलं तर आधीचा ठोका विरायच्या आत पुढचा येतो आणि सगळ्याचा काला होतो. सावकाश वाजवलं तर प्रत्येक ठोका भिंतभर उभा राहतो.

त्यांच्या खोलीचं माप मला माहीत नाही, त्यामुळे हा अंदाज आहे. पण रोज संध्याकाळी अशा खोलीत वाजवणारी मुलं हळूहळू खोलीला जे मानवतं तेच वाजवू लागतात, हे मी नव्या बँडच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. गच्चीवर सराव करणारा बँड आणि तळघरात सराव करणारा बँड सहा महिन्यांत वेगळे वाजतात.

स्वित्झर्लंडमध्ये राहणारं कोणी इथे आहे का? एखाद्या शेल्टरमध्ये जाऊन टाळी वाजवून बघता येईल?

डबल_बास

ताई, हे भारी आहे. म्हणजे मी म्हणतो 'हात', धागाकर्ता म्हणतो 'डोकं', आणि तुम्ही म्हणता 'भिंत'. माझा मुद्दा अजून सोडलेला नाही, पण टाळीची वाट बघतो.

रिक्वियम_३२

माझं आयडी ज्यावरून आहे ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. धाग्यात 'रेक्स इराए' रिक्वियमचा पहिला भाग आहे असं लिहिलंय. १९८७ मध्ये तो आला. तिसरा भाग आला २००६ मध्ये, आइन आणि फिशर पुन्हा एकत्र येऊन केलेल्या 'मोनोथिइस्ट' च्या शेवटी. मधला भाग लिहिलाच नव्हता. २००८ मध्ये केल्टिक फ्रॉस्ट पुन्हा मोडला, फिशरने ट्रिप्टिकॉन हा नवा बँड काढला. ऑक्टोबर २०१७ मध्ये आइन हृदयविकाराने गेला, वय पन्नास. आणि एप्रिल २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्गला, रोडबर्न महोत्सवात, मेट्रोपोल ऑर्केस्ट्राबरोबर मधला भाग जोडून तीनही भाग पहिल्यांदा सलग वाजले. बत्तीस वर्षांनी.

मधल्या भागात एक जागा आहे जिथे ऑर्केस्ट्रा जवळजवळ थांबतो आणि एकटी गिटार एकेक स्वर सोडत राहते. पुढचा स्वर येईल की नाही अशी धाकधूक होते. कॅसेटवाला, तुम्ही सेल आणायला खाली गेलात ना, त्याच जातीची शांतता. म्हणून मी तुमच्या बाजूने आहे. १९८३ चा तो सावकाशपणा तात्पुरती अडचण असती, तर हात तयार झाल्यावर गेला असता. तो गेला नाही, वाढत गेला.

झ्युरिकचा_मराठी

मिक्सिंग ताई, उशिरा उत्तर देतोय कारण शनिवारपर्यंत वेळ मिळाला नाही.

मी झ्युरिकच्या उत्तरेला राहतो, न्यूरेन्सडोर्फ इथून फार लांब नाही. आमच्या इमारतीच्या तळघरातही शेल्टर आहे. दार काँक्रीटचं, वीतभर जाड, उघडायला अंगाचा भार द्यावा लागतो. आत आता लोकांच्या सायकली, स्कीचं सामान, बटाट्यांची पोती. आणि आमच्या इथल्या गणपती मंडळाचे दोन ढोल, कारण कोणाच्याच घरात जागा नाही.

मोबाइलवर हेलहॅमरची 'मॅसाक्रा' आणि 'ट्रायम्फ ऑफ डेथ' लावून बघणार होतो, पण एवढ्याशा स्पीकरमधून खालचा आवाज काय येणार. मग ढोलाचं आवरण काढलं. खोली टेपने मोजली : लांबी चार मीटर दहा सेंटिमीटर, उंची दोन मीटर तीस. दार ओढून घेतलं.

आधी मिरवणुकीतला चढता ठेका धरला. अर्ध्या मिनिटात मला स्वतःचं टिपरू ऐकू येईना. सगळीकडून एकच घुंईऽऽ, हात कुठे चाललाय तेच कळेना, आणि ठेका सुटला. मी पंधरा वर्षं पुण्यात पथकात वाजवलंय, माझा ठेका असा सुटत नाही.

मग थांबलो. एक टोल दिला. तो भिंतीला जाऊन आला, पोटात उतरला, हळूहळू बसला. तो पूर्ण बसल्यावर दुसरा दिला. तिसरा. मी काही ठरवलं नव्हतं, पण हात आपोआप त्याच अंतराने पडायला लागला. दहा मिनिटं तसाच वाजवत होतो. वर आलो तेव्हा बायकोने विचारलं, खाली कोण एवढं सावकाश वाजवत होतं.